मूल्यांचा फलक लावण्याआधी : एका प्राथमिक शाळेच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य, संचालक मंडळ,
तसेच मुख्याध्यापक आणि सर्व शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

‘आमची मूल्ये आणि शैक्षणिक दृष्टिकोन’ हा मसुदा आपण सगळ्या पालकांना पाठवलात आणि त्यावर मते मागवलीत, याबद्दल आधी आभार. पुष्कळ शाळा असा मजकूर परस्पर छापून मोकळ्या होतात. मत लिहायला आपण चार ओळींची जागा ठेवली आहे. माझे म्हणणे तेवढ्यात मावणारे नाही आणि ते आपल्या एकाच शाळेपुरतेही नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. शाळेचे नाव मुद्दामच घातलेले नाही. नाव झाकले तर हा मसुदा कुठल्याही चांगल्या प्राथमिक शाळेचा म्हणून सहज खपेल, आणि माझी पहिली तक्रार नेमकी तीच आहे.

प्रामाणिकपणा, परस्पर आदर, जिज्ञासा, सहकार्य, जबाबदारी, श्रमप्रतिष्ठा. या सहा शब्दांना विरोध करणारा माणूस शोधून सापडणार नाही. ‘आमच्याकडे मुलांचे कुतूहल दडपले जाते’ असे कोणती शाळा छापेल? ज्याच्या उलट कुणी बोलूच शकत नाही, अशा वाक्याने शाळेची ओळख पटत नाही. शाळेला एखादी गोष्ट खरोखर महत्त्वाची वाटते की नाही, हे कळते ते तिच्यासाठी शाळा काय सोडायला तयार आहे यावरून. सहकार्य हवे असेल, तर पहिलीतल्या मुलांचे नंबर काढणे सोडणार का? जिज्ञासा हवी असेल, तर सगळ्या तुकड्यांचा एकच धडा एकाच तारखेला संपलाच पाहिजे हा आग्रह सोडणार का? मसुद्यात मिळवायच्या गोष्टींची यादी भरगच्च आहे. सोडायच्या गोष्टींबद्दल अवाक्षर नाही. ते घाला, एवढीच माझी मागणी आहे. पुढचे सगळे पत्र म्हणजे ती मागणी का, याचे स्पष्टीकरण.

‘महिन्याला एक मूल्य’ या योजनेपासून सुरुवात करते. एका महिन्यात प्रामाणिकपणा, पुढच्या महिन्यात आदर, असे वर्षभर. परिपाठाला त्यावर गोष्ट, फळ्यावर सुविचार, भिंतीवर मुलांनी रंगवलेले तक्ते, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘प्रामाणिकपणाचा तारा’ मिळवणाऱ्या मुलाचा फोटो. ऐकायला छान वाटते. पण असल्या शिकवणीची कसून तपासणी होऊन आता जवळपास शंभर वर्षे झाली.

१९२०च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोन अभ्यासकांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा पारखला. त्यांनी मुलांना निबंध लिहायला लावले नाहीत. चाचणीचे कागद गोळा केले, गुपचूप त्यांची नक्कल उतरवून ठेवली आणि मूळ कागद मुलांच्या हाती देऊन ‘आता उत्तरे पाहून तुमचे तुम्हीच तपासा’ म्हणून सांगितले. कुणी काय खोडले, काय बदलले, ते नकलेशी ताडून पाहता येत होते. अशाच युक्त्या त्यांनी खेळात, घरी करायच्या कामात आणि पैशांच्या बाबतीतही वापरल्या. १९२८ पासून त्यांचे निष्कर्ष छापून येऊ लागले आणि संस्कारवर्गांवर भिस्त ठेवून असलेली मंडळी गडबडली. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी अगदी सरळ वागत होते. बरोबर काय, चूक काय हे ज्यांना धडाधड सांगता येत होते, ती मुले प्रत्यक्ष वागण्यात फारशी वेगळी नव्हती. पुढच्या संशोधकांनी त्याच आकड्यांमधून मुलांच्या स्वभावातले थोडे सातत्यही काढून दाखवले, हे खरे. पण उपदेशाने वागणे बदलते असे काही त्यातून निघाले नाही.

आपल्या कामाची गोष्ट त्यातली वेगळीच आहे. एकाच वर्गातली मुले फसवण्याच्या बाबतीत एकमेकांसारखी निघाली. शिक्षक आणि मुले यांच्यात मोकळेपणा असलेल्या वर्गांमध्ये लबाडी कमी आढळली. म्हणजे वर्गाची हवा शिकवते, तक्ता शिकवत नाही. ‘पाणी कुणी सांडलं?’ या प्रश्नाला ‘मी’ म्हणणाऱ्याचे पुढे काय होते, हे अख्खा वर्ग डोळ्यांत तेल घालून बघत असतो. बाईंनी त्याच्या हाती फडके देऊन ‘पूस आणि बस जागेवर’ म्हटले, तर तो प्रामाणिकपणाचा तास झाला. त्याला उभे करून डायरीत शेरा लिहिला, तर तोही तासच झाला, फक्त उलट विषयाचा. त्या दिवशी परिपाठाला कोणती गोष्ट सांगितली होती, याने काही फरक पडत नाही.

आणि तो तारा! सापडलेली वस्तू जमा करणाऱ्याला तारा, अशी योजना माझ्या ओळखीच्या एका वर्गात सुरू झाली, आणि बघता बघता खोडरबर, पट्ट्या आणि पेनांची टोपणे हरवण्याचे प्रमाण भलतेच वाढले. चौकशीअंती कळले, की दोघी मैत्रिणींचा करार झाला होता : माझा रबर तुला सापडेल, तुझा मला. त्या पोरींचे मला कौतुकच वाटले. सहकार्याचा महिना यायचा होता, त्यांनी तो आधीच उरकून घेतला.

यात मुलींचा दोष नाही, योजनेचा आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. चित्रे काढायची मनापासून आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक ते दिले. काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगीत पेन नुसतेच ठेवून दिले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढत बसली. जे ती आपणहून आवडीने करत होती, ते आता सांगितलेले काम झाले. प्रामाणिकपणाचे असे काम करून ठेवायचे आहे का, याचा विचार व्हावा. नावडत्या आणि कंटाळवाण्या कामाला लहानसे बक्षीस असायला माझी हरकत नाही. सगळीच बक्षिसे वाईट, असे हा प्रयोगही म्हणत नाही. पण जे मुलाने कुणी पाहत नसताना करावे अशी आपली इच्छा आहे, त्याचा फोटो काढून भिंतीवर लावू नका.

मूल्यमापनाच्या प्रकरणात आपण लिहिले आहे : ‘प्रत्येक मुलाची तुलना केवळ त्याच्या स्वतःशी केली जाईल.’ हे वाक्य मला मसुद्यातले सर्वांत धाडसी वाक्य वाटले, आणि लगेच पुढच्या पानावर प्रगतिपुस्तकाचा नमुना पाहिला. विषय, गुण, श्रेणी, आणि सर्वांत खाली ‘वर्गातील सर्वोच्च गुण’ असा रकाना. स्वतःशी तुलना करायची असेल तर तो रकाना कुणासाठी आहे? त्याशेजारी शिक्षकांच्या शेऱ्यासाठी बोटभर जागा आहे. त्या जागेत ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘अधिक प्रयत्न हवेत’ यांपलीकडे काही लिहिणे सरस्वतीलाही जमणार नाही.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवतो. पाचवी-सहावीच्या मुलांना काही कामे दिली. एका गटाला परत मिळाले ते फक्त गुण, दुसऱ्याला फक्त लेखी शेरे (काय जमले, कुठे सुधारायला हवे), तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात शेरेवाल्या गटाची गोडी आणि कामगिरी, दोन्ही चांगली राहिली. नवल तिसऱ्या गटाचे. त्याला गुण आणि शेरे दोन्ही मिळाले होते, तरी तो गुणवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसला. आकडा दिसला, की शेरा वाचायची गरज मुलाला वाटत नाही. मोठ्यांना तरी कुठे वाटते? शिक्षिकेने चाळीस वह्यांवर जीव ओतून लिहिलेले शेरे शेजारच्या आकड्यामुळे पाण्यात जातात. तेव्हा चौथीपर्यंत आकडा काढून टाका आणि शेऱ्याला अर्धे पान द्या. ‘वजाबाकीत हातचा घेताना अजून गोंधळते, दशकांचे गठ्ठे हातात दिले की जमते’ हे वाक्य कुठल्याही श्रेणीपेक्षा जास्त सांगते. त्यातून घरी काय करायचे हे कळते, पुढच्या इयत्तेच्या बाईंनाही कुठून सुरुवात करायची ते कळते. अर्थात असा शेरा लिहायला वेळ लागतो. तो वेळ कुठून आणायचा याकडे मी पुढे येते, कारण तो प्रश्न शिक्षकांचा नाही, आपला संचालकांचा आहे.

जिज्ञासेसाठी आपण ‘प्रश्नपेटी’ आणि वार्षिक विज्ञान प्रदर्शन सुचवले आहे. दोन्ही असू द्या. पण जिज्ञासेची खरी जागा फार लहान असते : बाईंनी प्रश्न विचारल्यापासून कुणाला तरी उत्तर द्यायला लावेपर्यंतचा वेळ. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून हा वेळ मोजला. तो साधारण एक सेकंद निघाला. एका सेकंदात पाठ असलेलेच उत्तर बाहेर येते, विचार येत नाही. शिक्षकांनी सराव करून तीन सेकंद किंवा त्याहून थोडे जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे आपसातले बोलणेही वाढले. त्याच नोंदींमधून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला फार लागली. शिक्षक ज्यांना हुशार समजत होते, त्यांच्या उत्तरासाठी ते जास्त थांबत; ज्यांना ‘ढ’ समजत होते, त्यांच्यासाठी कमी. ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नव्हता, आणि कुणी हे जाणूनबुजून करत नव्हते.

या तीन सेकंदांसाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही, ‘स्मार्ट बोर्ड’ लागत नाही. लागते ती शांतता सहन करण्याची ताकद, आणि ती शांतता वाया गेलेला वेळ मानला जाणार नाही याची वरिष्ठांकडून खात्री. पर्यवेक्षक वर्गात आल्यावर ‘वर्ग गप्प का होता?’ असे विचारणार असतील, तर कोणती शिक्षिका थांबेल?

‘खेळातून शिक्षण’ हे प्रकरण वाचून आनंद झाला, मग वेळापत्रक मागवून पाहिले. पहिलीला खेळाचा तास आठवड्यातून दोनदा, तोही शेवटचा, आणि चाचणी जवळ आली की ‘आवश्यकतेनुसार’ दुसऱ्या विषयाला. खेळाबद्दल मोठ्यांच्या मनात असलेला हा संशय नवा नाही. फ्रिड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, आणि १८५१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने किंडरगार्टनवर चक्क बंदी घातली. ठोकळे, चेंडू आणि गाणी यांतून म्हणे नास्तिकपणा आणि समाजवाद पसरत होता. बंदी उठायला १८६० उजाडले. फ्रोबेल तोवर हयात नव्हते. आज कुणी खेळावर बंदी घालत नाही, नुसता त्याचा तास गणिताला देतात. निदान प्रशियाच्या सरकारने खेळ ही गंभीर गोष्ट आहे हे ओळखले होते.

खेळ म्हणजे अभ्यासाच्या गोळीवरचा साखरेचा थर, असे आपल्या मसुद्याच्या भाषेवरून वाटते. ‘खेळाच्या माध्यमातून संख्याज्ञान अधिक रंजक करणे’ वगैरे. सहा वर्षांच्या मुलांना ठोकळ्यांचा पूल बांधताना पाहा. कुठला ठोकळा लांब पडतो, कुठे आधार हवा, आधी कुणाचा नंबर, पूल पडल्यावर रुसायचे की पुन्हा बांधायचा. मोजमाप, भाषा, तडजोड आणि चिकाटी एकदमच चाललेली असतात. तिथे रंजकता वरून शिंपडावी लागत नाही. मोठ्यांचे काम एवढेच, की साहित्य नीट निवडून ठेवायचे, बाजूला बसून पाहायचे आणि नेमक्या वेळी एखादा प्रश्न टाकायचा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच होता : आधी निरीक्षण, मग हस्तक्षेप. आता माँटेसरींचे नाव अनेक पाट्यांवर दिसते. निरीक्षणासाठी राखलेला वेळ मात्र त्यातल्या किती जणांच्या वेळापत्रकात असेल, देव जाणे.

आता आदर. या प्रकरणावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

मसुद्यात विद्यार्थ्यांसाठी वर्तनाचे नियम आहेत. रांगेत चालावे, मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, परवानगीशिवाय बोलू नये, गणवेश नीटनेटका असावा. ठीक आहे. मोठ्यांनी मुलांशी कसे वागावे याबद्दल किती नियम आहेत, म्हणून मी शोधले. एक वाक्य सापडले : ‘शिक्षक विद्यार्थ्यांशी प्रेमाने वागतील.’ प्रेम हा काही नियम होत नाही. प्रेमापोटीच कान पिळले जातात, प्रेमापोटीच अख्ख्या वर्गासमोर ‘तुझी बहीण किती हुशार होती’ म्हटले जाते. आदराचा नियम असा असतो : मुलाची चूक चारचौघांत वाचून दाखवली जाणार नाही. मुलाच्या अंगावर हात टाकला जाणार नाही. टोपणनावाने हाक मारली जाणार नाही. लघवीला जाण्याची परवानगी नाकारली जाणार नाही. एकाने गडबड केली म्हणून सगळ्यांची मधली सुट्टी कापली जाणार नाही. शेवटचा नियम वाचून कुणाला हसू आले असेल, तर आठवण करून देते, की १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ३३व्या कलमाने युद्धातसुद्धा सामूहिक शिक्षेला मनाई केलेली आहे. तिसरी ‘ब’ला निदान तेवढी सवलत मिळावी.

बालहक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारात २८वे कलम शाळेतल्या शिस्तीबद्दल बोलते : शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. १२वे कलम म्हणते, की मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपले मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. आपला मसुदा संचालकांनी लिहिला, शिक्षकांनी वाचला, पालकांकडे पाठवला. ज्यांच्याबद्दल तो आहे, त्यांना कुणी विचारले नाही.

विचारता येते, आणि फार पूर्वी विचारून झालेले आहे. पोलंडमधले यानुश कोर्चाक हे पेशाने बालरोगतज्ज्ञ. १९१२ पासून वॉर्सामधल्या अनाथाश्रमाचे ते प्रमुख होते. तिथे मुलांचे न्यायालय चाले. न्यायाधीश मुलेच. कुणीही कुणाविरुद्ध तक्रार नोंदवावी. मुलाने मुलाविरुद्ध, मुलाने मोठ्याविरुद्ध. कोर्चाक यांनी त्यासाठी एक हजारांपर्यंत क्रमांक असलेली संहिता लिहिली होती आणि तिच्यातली पहिली नव्याण्णव कलमे या ना त्या प्रकारे सोडून देण्याची, माफ करण्याची होती. खुद्द कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले, तेही सहा महिन्यांत पाच वेळा. एकदा एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. या खटल्यांनीच आपल्याला शिक्षक म्हणून घडवले, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले. १९४२ मध्ये त्यांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी देऊ केली गेली होती. ती नाकारून ते आपल्या मुलांसोबत नाझींच्या त्रेब्लिंका इथल्या मृत्युछावणीत गेले. हा शेवट बहुतेकांना ठाऊक असतो. त्या शेवटामुळे ते न्यायालय मात्र झाकोळून जाते, आणि शाळांनी उचलण्यासारखे आहे ते न्यायालयच.

आपण उद्या खटले भरवावेत असे माझे म्हणणे नाही. पण फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने यांची भिंतीवरची पत्रिका कुठल्याही वर्गात जमेल. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला हा शिक्षक १९२० मध्ये एका खेड्यातल्या शाळेत रुजू झाला. तासन्‌तास बोलत शिकवणे त्याला शरीराने झेपणारे नव्हते. त्याने मुलांना बोलते आणि लिहिते केले, वर्गात छोटे छापयंत्र आणून मुलांचे मजकूर छापले. त्याच्या पद्धतीत वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला असे, त्यावर तक्रार, कौतुक, मागणी असे रकाने. जे लिहायचे ते सहीनिशी. आठवड्याच्या सभेत मुलेच ते वाचत आणि चर्चा करत. मूल्यशिक्षणाचा तास कसला, तर हा. तिथे प्रामाणिकपणा लागतो, कारण सही करायची असते; आदर लागतो, कारण समोरचा तिथेच बसलेला असतो.

श्रमप्रतिष्ठेबद्दल थोडक्यात. वर्षातून एकदा झाडू हातात घेऊन फोटो काढण्याचा ‘स्वच्छता दिन’ बंद करा. जपानमध्ये मुले रोज आपला वर्ग आणि व्हरांडे स्वतः झाडतात-पुसतात. त्याचा कार्यक्रम होत नाही, ते दिवसाच्या कामाचा भाग असते. आणि शाळेतल्या मावशींचे पूर्ण नाव किती मुलांना सांगता येते, ते एकदा विचारून पाहा.

गृहपाठाबद्दल त्याहून थोडक्यात. हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वरच्या इयत्तांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध दिसला, प्राथमिक इयत्तांत तो जवळपास नव्हताच. घरी मोठ्यांनी मुलाला वाचून दाखवावे आणि मुलाकडून वाचून घ्यावे. बाकीचे गृहपाठ बंद केलेत तर संध्याकाळी घराघरांतून आपल्याला दुवा मिळेल. काही घरांतून शिव्याही मिळतील, त्याचे पुढे सांगते.

आता शिक्षकांबद्दल. आतापर्यंत वाचताना काही शिक्षकांना वाटले असेल, की हा सगळा रोख आपल्यावर आहे. तसा तो नाही. एका वर्गात चाळीस मुले, आठवड्याला अभ्यासक्रमपूर्तीचा तक्ता, महिन्याला चाचणी, मधल्या सुट्टीत देखरेख, आणि वर स्पर्धा, मेळावे, माहिती भरायचे अर्ज. या वेळापत्रकात तीन सेकंद थांबणारी, अर्धे पान शेरा लिहिणारी, भिंतीवरच्या तक्रारींवर सभा घेणारी शिक्षिका म्हणजे चमत्कार. आणि शाळा चमत्कारांवर चालवायच्या नसतात. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये शाळेच्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’ची कल्पना मांडली. गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सतत जोखले जाणे, सत्ता कुणाच्या हाती आहे ते ओळखून वागणे, हे मूल शाळेच्या रोजच्या रहाटीतून शिकते, कुठल्याही पुस्तकात नसताना. मला वाटते, शिक्षकांसाठीही असा एक छुपा अभ्यासक्रम असतो आणि तो आपण, संचालक, लिहिता. बैठकीत आपण पहिला प्रश्न कोणता विचारता? ‘पोर्शन कुठपर्यंत आला?’ हा असेल, तर मसुद्यातली सहाही मूल्ये त्या प्रश्नापुढे हरली, असे समजा. शिक्षकांना चारचौघांत झापणाऱ्या शाळेत मुलांचा आदर राखला जाईल, ही अपेक्षाच चुकीची.

पालकांनाही मोकळे सोडायला नको. नंबर काढणे बंद केले, की ‘मग आमचं मूल नेमकं कुठे आहे ते कसं कळणार?’ म्हणून कार्यालयात येणारे आम्हीच. गृहपाठ कमी केला, की ‘शाळेत काही शिकवत नाहीत’ म्हणणारेही आम्हीच. या दबावापुढे पुष्कळ चांगल्या शाळांनी मान तुकवली आहे. म्हणून तर सोडायच्या गोष्टी आधीच लिहून छापा, प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या हाती द्या आणि त्यावर सही घ्या. ज्यांना पहिलीपासून क्रमांक हवा आहे, त्यांना दुसऱ्या शाळा आहेत. काही प्रवेश जातील. मी म्हणते त्या अर्थाने तेही सोडण्यातच आले.

माझ्या सूचना तशा मोजक्याच आहेत. मसुद्याला वेळापत्रक जोडा, कारण शाळा कशाला किती महत्त्व देते ते तिथे तासांत दिसते. चौथीपर्यंत प्रगतिपुस्तकातला ‘सर्वोच्च गुण’ हा रकाना आणि गुण, दोन्ही काढा. तारा योजना सुरू करू नका. मोठ्यांनी पाळायचे नियम मुलांच्या नियमांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. अभ्यासक्रमपूर्तीचा साप्ताहिक तक्ता बंद करून तो वेळ शेऱ्यांसाठी द्या. यातले एकदम काही जमणार नसेल तर एकच करा, पण पूर्ण करा. मला विचाराल तर मी रकान्यापासून सुरुवात करेन. ते एका दिवसाचे काम आहे.

मसुदा मंजूर करण्याची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे कळते. त्या बैठकीला तिसरी-चौथीच्या प्रत्येक तुकडीतली दोन-दोन मुले बोलवा. मॉनिटर आणि वक्तृत्वात पहिली आलेली नकोत, चिठ्ठ्या टाकून निवडा. त्यांना मसुदा आधी वाचून दाखवा, अवघड शब्द समजावून सांगा आणि एकच विचारा : यातलं शाळेत रोज काय घडतं, काय घडत नाही? ती बोलत असताना मध्ये कुणी समजूत घालू नये, एवढे अध्यक्षांनी पाहावे. आणि बैठक सकाळी ठेवा. संध्याकाळी त्यांचे लक्ष मैदानाकडे असते.

कळावे,
आपली,
एक पालक